पाठीला लावलेली पानं

खळकाकांना समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येत नसे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून ते तीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधत आले होते. बोटांना सदा खळ लागलेली, म्हणून वाचकांनी हे नाव ठेवलं आणि ते त्यांनी मुकाट्याने लावून घेतलं.

गेल्या निवडणुकीपासून पुढच्या दालनाची दोन शकलं झाली होती. खिडकीकडच्या टेबलावर एका पक्षाचे लोक, पंख्याखालच्या टेबलावर दुसऱ्याचे. एका सासऱ्याने आणि जावयाने तर वर्तमानपत्रही वाटून घेतलं होतं. शब्दकोडं सासऱ्याकडे, कालची उत्तरं जावयाकडे, आणि एकमेकांकडे मागायची दोघांचीही तयारी नाही. ग्रंथपालबाई मात्र दोन्ही टेबलांना सारख्याच दरडावत. काकांना त्यांचं फार कौतुक होतं. बाई त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण आपल्याला जन्मात जमलं नाही ते ही बाई सहज करते, असं त्यांना वाटे.

सोमवारी अकराला संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांच्या हातात तीन पुस्तकांची नावं लिहिलेला कागद होता. वर्षभरात ही पुस्तकं कोणी नेली त्याची यादी वरून मागितली आहे, म्हणाले. वरून म्हणजे कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाईंनी शांतपणे कार्डांची पेटी पुढे ओढली. पुस्तक नेलं की त्याचं कार्ड वाचकाच्या नावाच्या पाकिटात घालून या पेटीत राहतं; पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा पुस्तकात आणि पाकीट वाचकाच्या हातात. मागे काही उरतच नाही.

“मग आमच्या हिला खळकाका कसे म्हणाले, ‘वहिनी, दुसरा भाग झाला, आता तिसरा न्या’?” अध्यक्षांनी विचारलं. “कुठेतरी लिहून ठेवत असणार ते. चारला येतो.” काकांची नोकरी वाढवायची की नाही हे पुढच्या सभेत ठरायचं आहे, हेही ते जाता जाता ऐकवून गेले.

दाराआड उभ्या काकांनी हे सगळं ऐकलं. वही होती. प्रत्येक वाचकाला एक पान. कोणाला काय आवडलं, कोणी काय अर्धवट टाकलं, नवरा गेल्यावर कोण नुसती प्रवासवर्णनं नेऊ लागलं. विचारायला जीभ रेटत नसे, म्हणून ते लिहून ठेवत आणि त्या माणसाचं पुस्तक आधीच काढून ठेवत आणि काउंटरपाशी येऊन त्याच्या हातात देत. आपला हा जिव्हाळा कोणाच्या मुळावर येईल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी वही आणून बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती उघडली नाही.

“बाई, यात अध्यक्षांचंही पान आहे,” काका पुटपुटले. “त्या तीन पुस्तकांतलं पहिलं त्यांनीच दोनदा नेलंय. एवढं नुसतं म्हटलं तरी गप्प बसतील.”

बाईंनी वही त्यांच्याकडे परत सरकवली. “हे मला सांगायला नको होतं, काका. आता विसरावं लागेल. त्यांनी काय वाचलं ते त्यांचं.”

“मग मी काय करू?”

“वही तुमची आहे. मी कशी सांगू? मी त्यांना एवढंच सांगणार की कार्यालयात यादी नाही, आणि ते खरंच आहे. तुम्ही काहीही केलंत तरी चार वाजता मी इथेच बसलेली असेन.”

वही द्या किंवा देऊ नका, यांतलं एक त्या बोलल्या असत्या तर काका सुटले असते. पण त्यांनी काकांना तेवढं लहान मानलं नाही.

मागच्या खोलीत अकरा पुस्तकं पाठ उघडी करून पडली होती. पाठ मजबूत व्हावी म्हणून शिवणीवर रद्दी कागदाची पट्टी चिकटवतात आणि वरून कापड चढवतात. काकांनी वहीचं पहिलं पान फाडलं. मागोमाग बाकीची सगळीच. मग पट्ट्या कापल्या, लिहिलेल्या बाजूला खळ लावली आणि एकेक पट्टी पाठीवर दाबून बसवत गेले. अध्यक्षांचं पान एका जाडजूड शब्दकोशाला गेलं.

चार वाजता अध्यक्षांनी वही मागितली. काकांनी वर पाहिलं, थेट त्यांच्या डोळ्यांत.

“होती. आता नाही. मीच फाडली.”

अध्यक्ष तापले, सभेत बघून घेतो म्हणाले. बाई उठून काकांशेजारी येऊन उभ्या राहिल्या. सभेत दोघांचीही नावं घ्या, म्हणाल्या. अध्यक्ष दारापर्यंत गेले आणि थबकले.

“सगळीच पानं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“सगळी,” काका म्हणाले.

अध्यक्षांनी मान हलवली आणि ते निघून गेले.

सभेला अजून आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी तो सासरा काउंटरपाशी आला आणि नेहमीसारखा हात पुढे करून उभा राहिला. काकांपाशी काढून ठेवलेलं काहीच नव्हतं. ते घुटमळले.

“मागचं पुस्तक कसं वाटलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

तीस वर्षांत काकांनी पहिल्यांदाच असं विचारलं होतं. सासरा चकित झाला, मग खुर्ची ओढून बसला आणि सांगू लागला. अर्धा तास झाला. पंख्याखालचा जावई मध्येच म्हणाला की शेवट तसा नाहीच मुळी, आणि आपली खुर्ची घेऊन जवळ आला. बाईंनी दरडावायला मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा कार्डं लावू लागल्या.