लोखंडाचा दात

नेदाची सडकी दाढ वेलिका आजीने दोऱ्याने दाराच्या मुठीला बांधली आणि दार आपटलं. पोरीचा गाल सुजला होता, दुखण्याने डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग करायचं काय? आजीने हिरडीवर राकिया दारूत भिजवलेला बोळा दाबला आणि दाढ कौलांवर भिरकावली.

"घे कावळ्या हाडाचा दात, दे मला लोखंडाचा," नेदा बोबडं म्हणाली.

नेदा जन्मली तीच हृदयाची झडप चिरलेली घेऊन. छातीला कान लावला की फाटक्या भात्यातून हवा सुटावी तसा आवाज यायचा. गेल्या शरदात सोफियाच्या डॉक्टरांनी ती चीर शिवली आणि आवाज थांबला. तेव्हापासून निजताना आजी कान लावून ती शांतता ऐकायची. देवळात मेणबत्ती लावूनही तिला एवढं समाधान मिळालं नसतं.

निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "दातांच्या डॉक्टरकडे न्याल तेव्हा आधी हे औषध द्या." पण आजी कुठे गेली होती डॉक्टरकडे? घरचं दार, घरचा दोरा. बाटली फळीवर तशीच राहिली.

मग ताप आला. सकाळी उतरायचा, संध्याकाळी पुन्हा चढायचा. आजीने नेदाच्या पायांत व्हिनेगरचे ओले मोजे घातले, लिंडनच्या फुलांचा चहा पाजला. पोर दिवसेंदिवस पांढरी पडत चालली.

प्लोवदिवला बुटांच्या कारखान्यात असलेल्या मिलेनाचा, नेदाच्या आईचा, फोन आला. आजीने तापाचं सांगितलं.

"खोकला आहे?"

"नाही गं. वारा बाधलाय. खिडकी उघडी टाकते कार्टी."

"आई, दात-बित नाही ना काढलास?"

आजीने फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. "दवाखान्यात नाही नेलं," ती म्हणाली. "घरीच काढली."

मिलेना अगदी हळू म्हणाली, "अगं आई, तोंडातली घाण रक्तातून त्या टाक्यांवर जाऊन बसते. औषध त्यासाठी होतं. मी गाडी घेऊन निघते. तू तिच्या छातीला कान लाव."

ताप आल्यापासून आजीने कान लावलाच नव्हता. का, ते तिचं तिला ठाऊक. आता ती खाटेवर वाकली.

"आजी, कावळ्याने आणला का गं लोखंडाचा दात?"

"बोलू नकोस, बाय. जरा गप्प पड."

नेदा गप्प पडली. छातीत भाता पुन्हा फाटला होता.