पाठीवरचं ट्रेडल

मित्रांनो, मी एक जुनी, थकलेली पिकअप गाडी आहे आणि मला थापा मारायची खोड आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या. उभ्या उभ्या गंजणाऱ्या गाडीला दुसरी करमणूक ती काय असणार? पण आज थापा कमी ऐकाल. थाप मारायलासुद्धा दम लागतो.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग असा चकाकत होता, की लोक मला आरसा समजून भांग पाडून घेत. माझ्या पाठीवर, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, एक टन ओझं चालेल असं माझ्या दारावर छापलेलं होतं. माझा पहिला मालक विटांचा ठेकेदार. त्याला विटा मोजता येत होत्या, दार वाचता येत नव्हतं. एकदा त्याने सगळ्या विटा पार मागच्या फाळक्याजवळ, हौद्याच्या उघडणाऱ्या टोकाला, रचल्या. माझी पुढची चाकं जमिनीवरून सुटली आणि ड्रायव्हरला रस्त्याऐवजी नुसतं आभाळ दिसायला लागलं. बिचाऱ्याने कावळ्यांना वाट विचारत विचारत गाडी नेली. कावळ्यांचं सोडून द्या. चाकं सुटली होती हे मात्र खरं. त्या चार वर्षांत माझे पाटे, चाकांवरच्या त्या कमानदार पोलादी पट्ट्या, असे दबले की पुन्हा कधी सरळ झाले नाहीत. मग त्याने नवी गाडी आणली आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

माझे दुसरे मालक स्वतःच गाडी चालवायचे. त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. खरं नाव काय होतं कोण जाणे, बहुधा त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. मालधक्क्यावरचे ड्रायव्हर म्हणायचे, सावकाशरावांच्या गाडीत रोप चढवलं तर उतरवताना फळं तोडून घ्यावी लागतात. ते हसायचे आणि हौदा झाडत राहायचे. हौदा झाडल्याशिवाय त्यांनी कधी माल चढवला नाही, कारण वाळूच्या चार कणांवरसुद्धा लोखंड घसरतं. जड वस्तू पुढे, केबिनच्या पाठीला टेकवून. हलकी मागे. चार कोपऱ्यांना चार दोर. आणि निघाल्यावर दोन किलोमीटरच्या आत पहिला थांबा. खाली उतरून एकेक दोर हाताने दाबून बघायचे. हादऱ्यांनी माल बसतो आणि माल बसला की दोर सैल पडतो, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मला झोपेतही पाठ झालं.

तो थांबा त्यांनी आयुष्यात एकदाच चुकवला.

एका छापखान्याची जागा रिकामी करायची होती. छापखानेवाले काका सत्तरीचे, बोटांच्या रेषांत शाई मुरलेली. छपाईचं ट्रेडल मशीन त्यांनी चाळीस वर्षं चालवलं होतं. आता ते घाटावरच्या गावी लेकीकडे जाणार होतं. लेक ते चालवणार होती, बाप शेजारी बसून चुका काढणार होता. दोघांनाही ते मनापासून मान्य होतं. मशीन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, सातशे किलोंचं, एका बाजूला भलंमोठं चाक. बिडाची जात अशी, की कलंडून एकदा तडकलं तर पुन्हा नीट सांधत नाही. आणि तसलं मशीन आता बनतही नाही. ते मोडलं असतं तर काकांच्या पुढच्या आयुष्यात खिडकीबाहेर बघत बसण्यापलीकडे काही उरलं नसतं.

काका म्हणाले, मागेच ठेवा, उतरवायला सोपं जाईल. सावकाशरावांनी मान हलवली. "भार मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात, काका. मग स्टिअरिंग माझ्या हातात आणि गाडी तिच्या मनात."

मशीन पुढे सरकवलं. खाली फळ्या टाकल्या, दोर आवळले. सावकाशराव चाकांतली हवा बघायला गेले आणि तेवढ्यात काकांनी घोटाळा केला. रोज सकाळी मशीनला तेल घालायचा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक भोकात दुप्पट तेल ओतलं. प्रवासाला निघालेल्याला उपाशी कसं पाठवायचं, असं स्वतःशीच पुटपुटले आणि तेलाची झारी पिशवीत लपवली.

पहिले थेंब पाझरले ते माझ्याच पाठीवर. मला कळलं, पण मला तोंड कुठे होतं?

निघायला उशीर झाला होता. मशीन उतरवायला लेकीने चेनपुली मागवून ठेवली होती, ती चार वाजेपर्यंतच मिळणार होती. काका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि सावकाशरावांना दाखवायचे. सावकाशरावांची त्या दिवशीची ती तिसरी खेप होती, डोळे चुरचुरत होते. पहिल्या थांब्याची जागा आली. त्यांचा पाय ब्रेककडे गेला. काकांनी पुन्हा घड्याळ पुढे केलं. पाय माघारी आला.

घाट सुरू झाला. तेल मशीनच्या पायांवरून ओघळून फळ्यांत मुरलं होतं. चढावर मशीन मागे सरकायला लागलं, तसू तसू. आधी बोटभर, मग दोन बोटं. दोर ढिले झालेलेच होते. प्रत्येक वळणावर ते मोठं चाक दरीकडे झुकायचं आणि माझे पाटे कण्हायचे. मग मी खोकले. चांगली दोनदा खोकले आणि बंद पडले. गॅरेजवाला नंतर म्हणाला, डिझेलमध्ये कचरा होता. म्हणू दे. मी मुद्दाम खोकले होते.

सावकाशराव उतरले, चाकांमागे दगड लावले आणि मागे आले. मशीन चार बोटं सरकलेलं. एक दोर तर असा लोंबत होता की त्यावर कपडे वाळत घालावेत. त्यांनी फळीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि काकांकडे नुसतं पाहिलं. काकांनी पिशवीतून झारी काढून समोर धरली.

"चूक माझी आहे," काका म्हणाले.

"अर्धी," सावकाशराव म्हणाले. "थांबायचं होतं ते मी थांबलो नाही."

तेल पुसायला फडकं पुरेना. काकांच्या मांडीवर एक गठ्ठा होता. छापलेल्या प्रत्येक कामाचा एक नमुना ते जपून ठेवायचे, चाळीस वर्षांचे कागद. त्यांनी गाठ सोडली. सावकाशराव म्हणाले, राहू द्या, माझा शर्ट आहे. काकांनी पहिला कागद चुरगळून फळीवर दाबला.

"नमुने गेले तर गेले. मशीन राहिलं तर नवे निघतील."

कागदांनी तेल टिपलं. मग सावकाशरावांनी पहारीने मशीनचा एकेक पाय उचलला आणि काकांनी खाली टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे सारले. मग पहारीच्याच टोकाने मशीन पुन्हा केबिनला टेकेपर्यंत सरकवलं, दोर नव्याने आवळले. दोन तास गेले. चार वाजून गेले होते. काकांनी भीत भीत लेकीला फोन लावला, सगळं कबूल केलं. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा, मशीन उद्या उतरेल. तुम्ही तिघं आज धड पोचा."

तिघं म्हणाली, मित्रांनो. मला धरून. एवढ्या वर्षांत मला कुणी माणसांत मोजलं नव्हतं.

मग किल्ली फिरवताच मी मुकाट चालू झाले आणि आम्ही दर दोन किलोमीटरला थांबत गेलो. पोचलो तेव्हा चेनपुली परत गेली होती. सकाळपर्यंत सातशे किलो माझ्या पाठीवर उभे राहिले आणि पहाटे माझा डावा पाटा टक्कन तुटला. मशीनला साधा ओरखडाही नव्हता. लेक त्याभोवती दोनदा फिरली. मग माझ्याकडे आली, तुटलेल्या पाट्यावर हात ठेवून उभी राहिली.

गॅरेजवाल्याने सांगितलं, आता हिच्यावर ओझं नको, सांगाडाही थकलाय. सावकाशराव दुसरी गाडी चालवतात. मी लेकीच्या छापखान्याच्या मागे उभी आहे. भिंतीपलीकडे ट्रेडल चालतं तेव्हा माझे पत्रे थरथरतात. लेक छापते, काका चुका काढतात. मला बरं वाटतं, पण दमायलाही होतं. हौद्याचं पाणी जायचं भोक पानांनी बुजलंय. कुणी येणार असाल तर काडीने तेवढं मोकळं करा. गाड्या रस्त्यावर जितक्या झिजतात, त्याहून जास्त साचलेल्या पाण्याने कुजतात.

आणि एक मागणं आहे. रस्त्याने एखादी भरलेली गाडी जाताना दिसली, तिचा दोर लोंबताना दिसला, तर गप्प बसू नका. रस्त्यात न उतरता, कडेलाच उभं राहून जोरात ओरडा, हात हलवा. ड्रायव्हर घाईत असेल, तुमच्यावर खेकसेल. खेकसू द्या. तो थांबेल, दोर आवळेल आणि घरी पोचेल. पाठीवर काय होतंय ते गाडीला कळतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला येतं.