ओसंडणारी चूक

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. रिव्हॉल्वर झाडले की शिसे पुढे उडून जाते आणि मी मागे राहते. मित्रांनो, मागे राहिलेल्यालाच पुष्कळ गोष्टी सांगता येतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. पितळेची एक चकती दाबून तिची वाटी केली, वाटी ओढून नळी केली. पण मला नीट आठवते ते अमेरिकेतल्या मॉन्टानातले ओरिन हाउगेनचे गॅरेज. ओरिन रेल्वेच्या कार्यशाळेतून निवृत्त झाला होता. नेम धरायचा त्याच्या बायकोने, व्हर्लाने, आणि गोळ्या भरायच्या ओरिनने, असा त्या घरचा रिवाज होता.

झाडून झाल्यावर आम्ही काळवंडून घरी यायचो. ओरिन आम्हांला अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घोळवून लखलखीत करी, दाबून पूर्वीच्या मापात आणी, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवी. मग काट्यावर तोललेली बंदुकीची दारू पोटात आणि वर शिसे. असे माझे कितीतरी जन्म झाले.

दारू किती घालायची हे ओरिन कधीच अंदाजाने ठरवत नसे. दारू बनवणारे तक्ता छापतात. त्यात कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, हे दिलेले असते. ओरिन नेहमी खालून सुरुवात करी आणि अगदी थोडी थोडी वाढवी. निशाणाच्या कागदावरची भोके एकमेकांना खेटून पडू लागली की तो तिथेच थांबे. घरी आल्यावर तो आमच्या बुडाकडे पाही. टोपी चपटी झाली असेल तर दारू जास्त झाली, हे त्याला कळे. आम्ही बोलतो मित्रांनो, फक्त वाचणारा हवा.

व्हर्लाचा धाकटा भाऊ ड्वेन त्याची थट्टा करी. "दाजी, हा बार आहे की खोकला?"

"कागदाला कान नसतात, ड्वेन," ओरिन म्हणे. "तो भोकं दाखवतो."

एका शरद ऋतूत ओरिनच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. नेमबाजीची स्पर्धा, जिच्यात टर्की कोंबडा बक्षीस मिळे, ती तर तोंडावर आली होती. तेव्हा ड्वेन म्हणाला, "मी भरतो," आणि आपला दारूचा डबा घेऊन आला. ती दारू झटकन पेटणारी होती.

"चिमूटभर पुरते, दाजी. डबा संपता संपत नाही."

"चिमूटभर पुरते म्हणूनच मला ती नको," ओरिन खुर्चीतून म्हणाला. "पुंगळी अर्धीसुद्धा भरत नाही."

"तुम्ही डोळ्यांत थेंब घाला बघू!"

ड्वेन काही निष्काळजी नव्हता. त्याने तक्ता पाहिला, तोलून पाहिले, सारे बरोबर होते. आम्ही लाकडी फळीच्या खाचांत ओळीने उभ्या होतो. माझ्या पोटात दारू पडली, इतक्यात बाहेर कोणीतरी हाक मारली. शेजाऱ्याची गाय रस्त्यावर आली होती. ड्वेन तिला हाकलून आला आणि त्याने माझ्यापासूनच पुन्हा सुरुवात केली. माझ्यात दुसऱ्यांदा दारू पडली. ती सहज मावली, वरून कोणाला काही दिसेना. मी तोंड उघडे ठेवून उभी होते, पण ओरडणार कशी?

व्हर्ला गावातल्या लोकांचे केस कापी. तिचे सारे पोट हातावर होते, आणि मी झाडली जाणार होते त्याच हातात. ड्वेन वर शिसे बसवायला लागणार, तेवढ्यात ती कात्री पुसत आत आली.

"थांब. आधी मला आत बघू दे."

"अगं ताई, सगळं मोजून घातलंय."

"मग बघायला काय जातंय?"

तिने वर टांगलेला दिवा खाली ओढला आणि एकेकीच्या पोटात डोकावत गेली. माझ्यापाशी थांबली. "हिचंच पोट एवढं वर कसं आलं?" तिने मला काट्यावर रिकामे केले. पारडे खाडकन खाली गेले. बरोबर दुप्पट. रिव्हॉल्वर हातातच फुटले असते.

ड्वेन तिच्या बोटांकडे बघत राहिला. "ताई, तुझा हात..."

"आहे अजून जागेवर. उद्या तुझेच केस कापते त्याने, मग कळेल."

ड्वेनने आम्हां सगळ्यांना रिकामे करून ती दारू तिच्याच डब्यात परत घातली. मग ओरिनच्या दारूचा तक्ता पाहून पुन्हा भरायला घेतले. ही दारू फुगीर होती. एका मापातच माझे अर्ध्याहून जास्त पोट भरले. ड्वेनने मुद्दाम दुसरे माप ओतून पाहिले. दारू माझ्या तोंडावरून ओसंडून मेजावर सांडली.

"अरेच्चा! ही तर चूक झाली की बोंब मारते!"

"म्हणून तर तीच वापरतो," ओरिन म्हणाला.

त्या वर्षी टर्की दुसऱ्यानेच नेली. व्हर्लाला खारवलेल्या काकड्यांची बरणी मिळाली आणि ती ड्वेननेच संपवली.

पुढे माझ्या तोंडाला चीर गेली. चिरलेली पुंगळी ओरिन कधीच भरत नाही, भंगारात टाकतो. पण व्हर्लाने मला बाजूला काढले आणि गॅरेजमधला तो दिवा जी दोरी ओढून लावतात, तिच्या टोकाला बांधले.

मित्रांनो, कामाची रीत अशी निवडा की तुमची चूक तुम्हांला दिसेल. आणि झाकण लावण्याआधी एकदा आत डोकावून बघा. ड्वेन आता दर वेळी बघतो. त्यासाठी त्याला दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावायचा तर आधी मला हातात धरावे लागते.