चालक झोपला आहे

मी एक गाडी बोलतेय. यात नवल काही नाही. पट्टा लावा, वेग कमी करा, डावीकडे वळा, असं मी रोजच बोलते. आज मात्र स्वतःचं सांगायचं आहे आणि ते ऐकायला बरं नाही.

माझा जन्म अशा देशातला, जिथे दरवर्षी गाडीत नवीन काहीतरी घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. पांढऱ्या कोटातल्या एका बाईने माझ्या स्टिअरिंगमागे बारीक कॅमेरा बसवला. त्याने चालकाच्या पापण्या बघायच्या. त्या मिटलेल्या दिसल्या तर हाक मारायची, आणि तरी त्या उघडल्या नाहीत तर आपणच कडेला जाऊन थांबायचं, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत हलायचं नाही. "हिच्यामुळे जीव वाचतील," असं ती म्हणाली. मला केवढा अभिमान वाटला होता!

माझ्या मालकांचा वजनकाट्यांचा कारखाना. मला त्यांनी मिरवायला घेतलं नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आईमागे त्यांनीच या भावाला वाढवलेलं. नव्या किडनीच्या यादीत ताईंचं नाव लागून तीन वर्षं झाली होती. इस्पितळ अडीच तासांवर, दुसऱ्या शहरात. फोन आला की चार तासांत तिथे पोहोचायचं, नाहीतर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला.

माझ्याआधी घरात जी गाडी होती, तिला सगळे थोरली म्हणत. ती दुसऱ्याच देशाची. तिथले लोक म्हणे एकच पार्ट वीस वर्षं तसाच बनवतात, पण असा की बिघडायचं नाव नको. तीही ऐटदार होती, पण बोलत नव्हती, आपल्या मनाने ब्रेक लावत नव्हती, आणि चौदा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती. ड्रायव्हरमामा रोज सकाळी बॉनेट उघडून तिचं इंजिन कान देऊन ऐकत. साहेबांनी तिला विकायला काढलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "साहेब, जुनं भांडं गळत नसेल तर मोडीत कशाला काढायचं?"

"ताईसाठी सगळ्यात सुरक्षित गाडी हवी, मामा. ही अपघात होऊच देत नाही."

थोरली फाटकाबाहेर गेली तेव्हा मी नाक मुरडलं. खोटं कशाला बोलू?

मामांच्या पापण्या जन्मापासून जड. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ता घोरायला लागेल. कारखान्यातली माणसं त्यांना झोपाळूमामा म्हणून चिडवत. ते हसून सोडून देत. त्यांची नजर मात्र घारीची. माझ्या कॅमेऱ्याला ही थट्टा कुठून कळणार? पहिल्याच आठवड्यात मी सात वेळा ओरडले, "चालक झोपला आहे." शेवटी मामांनी कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. "गप बस बाई आता," असं मलाच म्हणाले.

एका रविवारी मला पुसताना साहेबांना ती पट्टी दिसली.

"मामा, हिचे डोळे बांधलेत तुम्ही?"

"माझ्या पापण्या बघून ओरडते ती, साहेब."

"उगाच ओरडेल का? काटा खोटं बोलत नाही मामा, माणूस बोलतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कारखान्याच्या दारावरही लिहिलेलं होतं. त्यांनी पट्टी ओढून काढली.

गुरुवारी दुपारी फोन आला. साहेब बाहेरगावी होते, ते परस्पर इस्पितळात येणार होते. ताई सकाळच्या डायलिसिसने थकलेल्या. मागच्या सीटवर त्यांचा डोळा लागला. रस्ता मोकळा होता, आम्ही वेळेत होतो. मोठ्या पुलावर ऊन समोरून आलं आणि मामांनी डोळे बारीक केले.

मी हाक मारली. "जागा आहे गं," मामा म्हणाले. मी पुन्हा हाक मारली. मग स्टिअरिंग त्यांच्या हातातून घेतलं, कडेला गेले आणि चारी चाकं आवळली. सांगितलं, "काळजी करू नका. मदत येत आहे." मला खरंच वाटलं, मी दोन जीव वाचवले.

मामांनी सगळी बटणं दाबून पाहिली, मला हात जोडले. मग भर पुलावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला. इतक्या महागड्या गाडीची काय अडचण असणार, म्हणून कुणी थांबलं नाही. बोलावलेली टॅक्सी यायला दीड तास लागला. ताई इस्पितळात पोहोचल्या तेव्हा पन्नास मिनिटं उशीर झाला होता. किडनी दुसऱ्या कुणालातरी मिळाली. त्या माणसाचं भलं होवो. ताई पुढच्या महिन्यात गेल्या.

कंपनीचा अहवाल आला: चालक झोपला होता. साहेबांनी तो मामांपुढे ठेवला आणि तोंड फिरवलं. मामा पहिल्या दिवशी म्हणाले, "मी जागा होतो." दुसऱ्या दिवशी माझ्या आरशात आपल्याच पापण्या निरखत बसले. तिसऱ्या दिवशी माझी किल्ली टेबलावर ठेवून म्हणाले, "लागली असेल डुलकी, साहेब. वय झालं माझं." मला वाटतं, तोवर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

आता मी जुन्या गाड्यांच्या दुकानात उभी आहे. हिने जीव वाचवलाय, असं विक्रेता गिऱ्हाइकांना सांगतो. मला लाज वाटते.

वाचकांनो, जड पापण्यांचा एखादा म्हातारा ड्रायव्हर कुठे भेटला तर माझा एवढा निरोप द्या. मामा, पुलाच्या तोंडाशी एक खड्डा होता. मागे ताईंची झोप मोडू नये म्हणून तुम्ही तो इतक्या हलक्या हाताने चुकवलात की त्यांची मानसुद्धा हलली नाही. झोपलेल्या माणसाला असं जमत नाही.