दिवसाला दोन शेर पाणी

पेल्यातल्या पाण्यावर कापसाचा एक तंतू तरंगत होता. जिनिंगचा हंगाम लागला की खामगावात तो कुठंही येऊन पडतो, पापणीवर, वरणात, उघड्या जखमेवर... चिनी मातीचा चोचीचा पेला, आजाऱ्याला पडल्या पडल्या पाजायचा. आणि त्यातलं पाणी सकाळी भरलं होतं तेवढंच, काठाखाली बोटभर. शालूबाईनं पेला उचलला, खिडकीबाहेर रिकामा केला, पुन्हा भरला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

"तुह्या हातचं पानी मले नको म्हनलं ना," खाटेवरून झुंबरबाई म्हणाली. डोळे न उघडता.

उलट बोलायचं नाही हे शालूबाईनं नऊ दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. त्या दिवशी पिंपळगाव राजाहून छकड्यात घालून, मांडीचं हाड मोडलेली ही म्हातारी आणली गेली, आणि दवाखान्याच्या पायरीवरच तिनं शालूबाईला आवाजावरून ओळखलं, "ही इथं? मले घरी ने रे किसना, घरी ने..." तिच्या धाकट्या लेकानं, किसनरावानं, मान खाली घातली होती. शालूबाईनंही आपल्या एके काळच्या सासूच्या पायाखाली फळी सरकवताना मान खाली घातली होती, पण ती हाड हलू नये म्हणून.

पायाला वजन टांगलेलं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आणखी सहा आठवडे असंच. हाडाची तिला काळजी नव्हती. हाड आपल्या वेळेनं जुळतं. काळजी माकडहाडावरच्या रुपयाएवढ्या लाल डागाची होती, कालपासून सुरू झालेल्या तापाची होती आणि चहासारख्या काळ्या, थेंब थेंब लघवीची. डॉक्टर सकाळी म्हणाले होते, "बाई हाडानं जाणार नाही, या तापानं जाईल. दिवसाला दोन शेर पाणी पोटात गेलंच पाहिजे. कसं, ते तुम्ही बघा." कसं ते तुम्ही बघा... दर दोन तासांनी कंबर उचलून पाठ पुसायची, स्पिरिट लावायचं, पावडर लावायची, चादरीची सुरकुती मोडायची—हे सगळं तिच्या हातात होतं आणि ती ते करत होती, एकही वेळ न चुकवता. पाणी मात्र तिच्या हातात नव्हतं. आया अमीरबी मुसलमान, म्हणून तिच्या हातचं नाही; शालूबाईच्या हातचं तर मरतानाही नाही. दुपारी किसनराव कापसाच्या गाड्यांबरोबर बाजारात येई, तेव्हा घरच्या कळशीतलं दोन घोट. बस.

"बुढी पत्थर हाय बाई," अमीरबी दाराशी कुजबुजली. "जाऊ द्या ना. तुमाले काय पडलं?"

काय पडलं... शालूबाईनं तापाची नळी झटकली. एकशे एक. नळी धरलेला हात स्थिर होता, याचा तिला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटला म्हणून रागही आला. हाच हात अकरा वर्षांपूर्वी लोटीतलं पाणी पदराच्या टोकानं नवऱ्याच्या, निवृत्तीच्या, ओठांवर पिळत होता. मुदतीचा ताप, वैदूनं पाणी तोडलेलं, आणि त्याच्या जिभेला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा... मी पाणी दिलं. हो, दिलं. सगळे जेवायला बसले की दिलं, रोज दिलं, आणि तो डोळ्यांनी आणखी मागायचा. एकोणिसाव्या दिवशी ताप उतरायला लागला होता, तो उशीला टेकून बसला होता, हसलाही होता. विसाव्या दिवशी पोट धरून कळवळला, पोट पाटासारखं टणक लागलं हाताला, आणि संध्याकाळपर्यंत संपलं. तेराव्याला साऱ्या गल्लीसमोर झुंबरबाईनं बोट दाखवलं होतं. "हिनं चोरून पानी पाजलं. हिनंच मारलं माह्या लेकाले." त्या बोटाला धरूनच शालूबाई घराबाहेर पडली, नागपूरला नर्सिंग शिकायला गेली, तीन वर्षं परकी भांडी, परकी पाठ, परकी घाण धुतली, मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या शिक्क्याचा कागद मिळवला. खरं तर कागदासाठी नव्हतीच गेली. एक प्रश्न विचारायला गेली होती: पाण्यानं जीव जातो का? तो तिनं कधी कुणाला विचारला नाही. एका सकाळी वर्गात मेट्रनबाई आपणहून बोलून गेल्या, की टायफॉइडच्या या तापात पाणी द्यावं, भरपूर द्यावं. शालूबाई तेव्हा वहीवर डोकं ठेवून रडली होती. तिला झोप लागली असं समजून बाई रागावल्या होत्या.

मग तो गेला कशानं? ही फट मात्र उरली होती.

बाराच्या सुमारास किसनराव आला. उपरण्यावर कापूस, हातात तांब्याची कळशी. नऊ दिवसांत त्यानं एकदाही वहिनी म्हटलं नव्हतं.

"बाई, मायची तब्येत?"

"पाणी पीत नाही. अशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात तुम्ही तिला न्यायला या." तिनं मुद्दाम तसंच सांगितलं, आणि त्याचा चेहरा उतरलेला बघून तिला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "ही कळशी इथं ठेवून जा. भरून. हात कुणी लावणार नाही."

तासभर आधीच तिनं रबराची नवी लांब नळी उकळून ठेवली होती. खाटेच्या डोक्याशी ठेंगणी तिवई ठेवली; किसनरावानं तिच्यावर कळशी ठेवली, नळीचं एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं म्हातारीच्या हातात दिलं. शालूबाई चार पावलं लांब, हात पाठीमागे बांधून उभी.

"हे काय? चामडं हाय का?"

"झाडाचा चीक आहे. उकळलेला आहे. तुमच्या लेकानं लावलाय, तुमच्या घरचं पाणी आहे. तुमच्या हातानं धरायचं, तोंडानं ओढायचं."

"आन् तू?"

"मी बघणार."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या नजरेत तेच अकरा वर्षांपूर्वीचं बोट होतं. मग नळी तोंडात धरली, ओढली; गाल आत गेले, गळ्यावरची कातडी हलली. एकदा, पुन्हा एकदा. थांबेचना. किसनराव डोळे पुसत गाड्यांकडे निघून गेला. शालूबाई घोट मोजत होती, आणि जिंकल्याचा एक कडवट स्वाद तिच्या जिभेवर पसरत होता... पी. पी आता. माझ्या अकलेचं पाणी आहे ते.

चारपर्यंत कळशी निम्मी झाली. लघवीचा रंग उतरला, माप दुप्पट भरलं, ताप नव्व्याण्णव. अमीरबी खूश होऊन मापाचं भांडं सगळ्यांना दाखवत होती. शालूबाईनं कागदावर आकडे लिहिले आणि उद्याचं ठरवलं: कळशी सकाळीच भरलेली हवी, दोन घोटांत अर्ध्या तासाहून जास्त अंतर नको, पाठीखाली हवा भरलेली रबरी कडी.

चारचं पाठ पुसणं राहिलं होतं. अमीरबीनं कंबर उचलून धरली. शालूबाईची बोटं माकडहाडाभोवती गोल फिरू लागली. पोटात पाणी गेल्यानं म्हातारीला तरतरी आली होती. बोलण्याला धार आली होती.

"लय हुशार झाली तू. पन पान्याची आठोन मले कायले देतं? तू चोरून पानी पाजलं, मले मालूम हाय. मी काय चारलं थे तुले मालूम नाही."

बोटं फिरत राहिली.

"एकोनिसाव्या दिशी थो म्हने, माय, भूक लागली. तू नदीवर गेलती धुनं घेऊन. म्या ताजी भाकर टाकली, वरून लोनी, आन् मिरचीचा ठेचा. अर्धी भाकर खाल्ली त्यानं, माह्या मांडीवर डोस्कं ठेवून. पोटभर जेवून गेला माहा लेक. माह्या हातचं. तुह्या पान्यानं नसता गेला तं उठून बसला असता."

शालूबाईच्या हातातला कापूस खाली पडला.

"काऊन?" तिच्या तोंडून निघालं. नागपूरला जाऊन जिभेवरून पुसून टाकलेला तो गावचा शब्द, जसाच्या तसा. "काऊन चारली?"

"काऊन म्हंजे? लेकरू भुकेलं होतं."

नागपूरच्या वर्गातला मेट्रनबाईंचा आवाज आला, इतका जवळून की अमीरबीनंही ऐकला असेल: तिसऱ्या आठवड्यात आतडं ओल्या कागदासारखं होतं. पाणी, दूध, पेज. घट्ट अन्नाचा एक घासही नाही. फाटलं, तर पोट पाटासारखं... हाताला लागलेलं ते टणक पोट. विसावा दिवस. फट बुजली. इतकी साधी होती? अर्धी भाकर. लोणी.

एक वाक्य. फक्त एक, सगळ्या वॉर्डासमोर, गल्लीसमोर म्हटलं होतं तसंच. ही बाई पाय बांधलेली आहे, कूसही वळता येत नाही, कान झाकायला हात तेवढे आहेत. आणि हाड जुळायला सहा आठवडे आहेत. सहा आठवडे हे वाक्य तिच्याबरोबर या खाटेवर पडून राहील, तिच्याच मांडीवर डोकं ठेवून. शालूबाईनं तोंड उघडलं. वाक्य ओठांपर्यंत आलेलं, शब्दन् शब्द जुळलेला.

"गप काऊन झाली?" झुंबरबाई म्हणाली. आवाजात विजय होता. आणि त्या विजयाखाली काहीतरी लुकलुकत होतं, भीती असावी, की इतक्या वर्षांत कुणाला तरी सांगायचं राहून गेलेलं ते सुख? लेक आपल्या हातचं खाऊन गेला... एवढंच हिच्यापाशी आहे. एवढंच, आणि तेही माझ्या मुठीत.

"बाई, हात भरून आले माहे," अमीरबी म्हणाली.

शालूबाईनं नवा कापूस घेतला. डाग निरखून पाहिला: लाली कालच्यापेक्षा फिकी होती, कडा मऊ होत्या, कातडी कुठं फुटलेली नव्हती. दोन दिवसांत जाईल. तिनं पावडर लावली, चादर ताणली, "सोड" म्हणाली, आणि ती कंबर हळूच खाली टेकेपर्यंत तिचा तळवा खालीच राहिला. तो तिनं ठेवला होता की राहिला होता, तिला कळलं नाही.

हिला जगवायचं. ताप वाढू द्यायचा नाही, पाठ फुटू द्यायची नाही, हाड सरळ जुळलं पाहिजे, आपल्या पायांनी चालत जाईपर्यंत जगवायचं. अकरा वर्षांत कुणाचंच जगणं तिनं इतक्या जिवानं मागितलं नव्हतं. कशासाठी, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही. वाक्य दातांमागे तसंच धरून ती पुढच्या खाटेकडे वळली.