गुरुवारी उघडणारी गाडी

काळाचौकीच्या त्या चाळीत सकाळचा उजेड सरळ येत नसे. आधी तो समोरच्या नव्या टॉवरच्या काचांवर पडे, तिथून परतून चाळीच्या कौलांवर उतरे, मग तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींतून गाळून, फिका होऊन, दुसऱ्या मजल्याच्या लाकडी कठड्यावर येऊन बसे. तिथे तुळशीच्या डब्याला, दुधाच्या रिकाम्या पिशवीला, कुणाच्या तरी दाढीच्या आरशाला जरासा हात लावून तो खाली सरके. आवारात पोहोचेपर्यंत त्याच्यात ऊब अशी उरलेली नसे. पाण्याची टाकी आणि मंडळाची पत्र्याची शेड यांच्या बेचक्यात एक राखाडी गाडी उभी असे. तिच्या टपावर तो सर्वांत शेवटी येई आणि तिथेच रेंगाळे. निलेश गेले चार महिने रोज कठड्याला टेकून ते पाहत होता. उजेडालाही त्या बेचक्यातून बाहेर पडायची वाट सापडत नसावी, असे त्याला वाटे.

आज गुरुवार होता, म्हणून उजेडाच्याही आधी माणसे जमली होती. मधोमध हितेंद्रमहाराज उभे होते: भगवी कफनी, खांद्याला झोळी, हातात नारळ. निलेश खाली उतरून गर्दीच्या कडेला उभा राहिला.

महाराजांनी त्याच्या आईच्या, सुभद्राबाईंच्या हातातून गाडीची किल्ली घेतली, उंच धरून सर्वांना दाखवली आणि तिचे बटण तीनदा दाबले. गाडी गप्प. त्यांनी निलेशलाही दाबायला लावले. गाडी गप्पच.

"बघितलंत ना," महाराज म्हणाले. "कंपनीचं यंत्र हरलं. सिग्नल देणारा वर बसलाय. टॉवर त्याचा, रेंज त्याची, आपण फक्त भक्तीचा रिचार्ज मारायचा."

किल्ली सुभद्राबाईंना परत देऊन त्यांनी गाऱ्हाणे सुरू केले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरचो धनी गेलो, पण तेचो जीव ह्या गाडयेत घुटमळता, तेका शांत कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आवार घुमले. चाळ निम्मी कोकणातली; गाऱ्हाण्याला होकार देणे इथल्या माणसांच्या श्वासात होते.

"पोरगो आवशीक सोडून नाशकाक जाऊक बघता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

निलेशने मान खाली घातली. महाराजांनी नारळ दाराला टेकवला आणि दुसऱ्या हाताने दाराची मूठ हलकेच दाबली. टुक् असा आवाज झाला, दिवे दोनदा लुकलुकले, मिटलेले आरसे कान टवकारावेत तसे उघडले. बायकांनी हात जोडले.

पहिल्या मजल्यावरच्या कांताकाकू मात्र शेजारणीच्या कानात पुटपुटल्या, "गाडी सुभद्राची, पेट्रोल सुभद्राचं, पोरगा सुभद्राचा. मागच्या सीटवर पाय पसरून फिरतो हा."

खोटे काहीच नव्हते त्यात. कुशाबांनी, निलेशच्या वडिलांनी, ही गाडी जुनी म्हणून घेतली होती आणि नव्यासारखी पुसली होती. चाळीत शिरताना बटण दाबून तो टुक् आवाज काढणे ही त्यांची हौस. ते पाच महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून सुभद्राबाईंनी त्यांची किल्ली देव्हाऱ्यात ठेवली होती. रोज सकाळी ताम्हनात बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि त्यांच्याशेजारी ती काळी किल्ली; तिघांनाही दूध-पाण्याने स्नान, पुसून हळद-कुंकू. महिन्याभरात किल्ली बंद पडली. नेमके त्याच आठवड्यात निलेशला नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून नेमणुकीचे पत्र आले होते. दोन गोष्टी एकत्र घडल्या आणि घराने त्यांची गाठ मारली.

"तुझ्या बाबांना तुला धाडायचं नाही रे झिला," आई म्हणाली होती.

मग महाराज आले. "जोडकिल्ली असेल तर तिला कुणी हात लावू नका," त्यांनी बजावले आणि ती लाल कापडात गुंडाळून नेली. ती त्यांच्या मठात कलशाखाली राहणार होती. तेव्हापासून गाडी दर गुरुवारी, महाराजांच्याच हाताने उघडे आणि निलेश त्यांना शिवडी, माझगाव असे भक्तांच्या घरोघरी फिरवून आणी. महाविद्यालयाने त्याला दोनदा मुदत वाढवून दिली होती. येत्या सोमवारी ती संपत होती, आणि पत्र कपाटात वर्तमानपत्राखाली होते.

"वहिनी, किल्ली बघू जरा."

आवाज धम्मपालकाकांचा होता. कुशाबांचे जुने मित्र, शिवडीला ट्रकच्या वायरिंगचे काम करणारे. चार महिने मुलीकडे नागपूरला होते, कालच परतले होते आणि आल्याआल्याच या गाडीची गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी किल्ली उलटसुलट केली, वास घेतला. "दुधाचा वास येतोय. किल्लीला आंघोळ घालता होय?"

"यांची आठवण आहे भाऊजी ती."

"कुशाबाला कळलं असतं तर तुम्हाला खूप बोलला असता." ते महाराजांकडे वळले. "महाराज, एक विनंती आहे. झोळी जरा खाली ठेवा आणि गाडी पुन्हा उघडून दाखवा."

"झोळीत गुरूंची विभूती आहे. जमिनीला टेकत नाही."

"मग वहिनींच्या खांद्यावर द्या. ज्यांच्या घरात तुम्ही जेवता, त्यांचा खांदा चालेल ना?"

लोक हसले. एवढ्या माणसांसमोर सुभद्राबाईंना नाही म्हणणे महाराजांना जमले नाही. धम्मपालकाकांनी गाडी बंद करून घेतली, मग झोळी सुभद्राबाईंच्या खांद्यावर देऊन त्यांना पार फाटकापाशी नेऊन उभे केले. "आता करा."

महाराजांनी नारळ टेकवला, मूठ दाबली. दुसऱ्यांदा दाबली. गाऱ्हाण्याच्या दोन ओळी म्हटल्या. या वेळी होकार द्यायला कुणाचेच तोंड उघडले नाही. गाडी गप्प राहिली.

"अविश्वासाची छाया पडली," महाराज म्हणाले.

"पडू दे. वहिनी, तुम्ही या. झोळी खांद्यावर असू द्या. नारळ नको, मंत्र नको. मुठीवरचं ते छोटं बटण दाबा."

सुभद्राबाई आल्या. त्यांनी बिचकत हात पुढे केला. टुक्. दिवे लुकलुकले, आरसे उघडले.

सुभद्राबाईंनी स्वतःच झोळीत हात घातला आणि लाल कापडाची पुरचुंडी बाहेर काढली. त्यांनी गाठ सोडली. आत जोडकिल्ली होती.

"ही मठात होती ना, महाराज?" त्यांनी विचारले.

महाराजांनी कोपाची भाषा केली, गुरूंचे नाव घेतले, मग झोळी हिसकावली आणि विभूती सांडत फाटकाबाहेर पडले.

धम्मपालकाका कठड्याखालच्या बाकावर बसले. "ऐका सगळे. या गाडीला किल्ली जवळ आहे की नाही एवढंच कळतं. ती खिशात असो, पदराखाली असो की झोळीत. हातभर अंतरात असली की मूठ दाबली म्हणजे दार उघडतं. कुशाबाला बटण दाबायची हौस, म्हणून तुम्हाला हे कधी दिसलंच नाही." बंद पडलेली किल्ली त्यांनी नखाने उघडली. आतली चपटी बॅटरी पांढरट-हिरवी झाली होती. त्यांनी ती फेकली, आतले पितळी टोक खोडरबराने घासले, खिशातून नवी बॅटरी काढून बसवली आणि बटण दाबले. गाडी बंद झाली. पुन्हा दाबले, उघडली. "झालं. वस्तू बंद पडली तर ती उघडून बघायची. बघता येत नसेल तर बघणाऱ्याकडे न्यायची. आणि कुणी म्हणालं की हात लावू नका, विचारू नका, तर आधी त्याची झोळी बघायची. गेलेल्या माणसाच्या नावाने आपल्याला कुणी धाक घालू नये, एवढं तरी आपण त्याचं देणं लागतो."

माणसे हळूहळू पांगली. धम्मपालकाका चहाला वर गेले. गाडीपाशी आई आणि मुलगा उरले.

"या मुठीचं तुला ठाऊक होतं?" सुभद्राबाईंनी विचारले.

"गाडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं."

"झोळीचंही कळलं होतं?"

"दुसऱ्या गुरुवारी. एरवी ते उतरले की किल्ली गाडीबाहेर गेल्याची सूचना येई; मागच्या सीटवर ते झोळी सोडून एकदा खाली उतरले, तेव्हा ती आलीच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

वडिलांनंतर आई पहिल्यांदा हसली होती, ती महाराजांच्या त्या पहिल्या गुरुवारी. हे सांगता आले असते आणि ते खरेही होते. पण तेवढेच नव्हते. गाडी उघडली नाही की त्याच्या छातीवरचे ओझे उतरत असे. अनोळखी शहर, अनोळखी खोली, तिथे आपणहून कुणाशी तरी पहिला शब्द बोलावा लागणे, हे सारे आणखी एका गुरुवारावर ढकलले जाई.

"तुझे बाबा गाडीत नव्हते," आई हळू म्हणाली. "गाडीही तुला अडवत नव्हती. मग कोण अडवत होतं रे?"

त्याने नजर वर केली.

"नाशिकला जायला गाडी लागत नाही, आई," तो म्हणाला. "दादरहून दिवसभर बस सुटतात."