नवव्या मजल्यावरच्या दोघी

रेवतीला अंधेरीच्या त्या विमा कंपनीत येऊन तीनच आठवडे झाले होते. मुलुंडच्या एका संस्थेत ती वर्षभराचा अभ्यासक्रम करत होती. अपंग किंवा आजारी कर्मचाऱ्यांना नीट काम करता यावं म्हणून कंपनीने काय सोयी द्यायला हव्यात, त्यांचे हक्क कोणते, हे शिकायचं आणि पुढे तेच काम करायचं. शेवटचे दोन महिने प्रत्यक्ष कंपनीत. तिथल्या साहेबांची सही मिळाली तरच प्रमाणपत्र.

इथले साहेब म्हणजे प्रशासन सांभाळणारे चंद्रप्रकाश सर. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यापुढे फाइल सरकवली. "आपल्याकडे सगळं नीट आहे. तू फक्त टिक करत जा."

फाइलमधलं एक पान मधुवंती परुळेकर यांचं होतं. नववा मजला, व्हीलचेअर वापरतात. आग लागून लिफ्ट बंद पडली तर दोन सहकारी त्यांना जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्चीत बसवून खाली नेतील. दोघांची नावं, सह्या. रेवतीने टिक केलं.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास सायरन वाजला.

"आगीची ड्रिल शुक्रवारी आहे ना?" रेवतीने शेजारच्याला विचारलं. तो लॅपटॉप बॅगेत कोंबत होता, थांबला नाही. मग वास आला. वायर जळल्याचा, घशाशी चिकटणारा. दोन मिनिटांत मजला रिकामा झाला. खिडकीजवळच्या टेबलाशी मधुवंती तेवढी उरली होती. चाळिशीची बाई, चेहरा पांढराफटक पडलेला.

"तुमचे ते दोघं कुठे आहेत?" रेवती धावत तिच्याजवळ गेली.

"एकाने दिवाळीतच नोकरी सोडली. दुसरा आज रजेवर आहे."

"आणि खुर्ची?"

मधुवंतीने पॅसेजमधल्या कपाटाकडे बोट दाखवलं. रेवतीने कडी ओढून पाहिली. कुलूप. आतल्या खुर्चीचं चाक काचेतून दिसत होतं. तिने वॉचमनच्या केबिनला फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

"किल्ली खाली असेल," मधुवंती म्हणाली. "तू जा."

"मी किल्ली घेऊन येते."

"जा गं!"

रेवती जिन्याकडे पळाली. आठव्या मजल्यावर धूर पातळसा होता, सहाव्यावर डोळे झोंबायला लागले. खालून माणसांचे आवाज येत होते, मोकळ्या हवेतल्या माणसांचे. आणि तिला स्वच्छ कळलं की आपण किल्लीसाठी पळत नाही आहोत. एकदा बाहेर पडलो की आपण परत वर येणार नाही. कठडा धरून ती तिथेच उभी राहिली. पाय खाली ओढत होते.

ती परत वर कशी चढली, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

मधुवंती स्वतःच व्हीलचेअर ढकलत जिन्याच्या दारापर्यंत आली होती. "परत का आलीस? वेडी आहेस का?"

रेवतीने दार ओढून घेतलं. तिने ओढणी दाराखालच्या फटीत कोंबली आणि अग्निशमन दलाला फोन करून मजला सांगितला. मग दोघी उघड्या खिडकीशी बसून राहिल्या. मधुवंतीने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. बावीस मिनिटांनी जवान आले. चौथ्या मजल्यावर एसीच्या वायरिंगला आग लागली होती, ती विझली होती. त्यांनी मधुवंतीला उचलून खाली आणलं.

गुरुवारी चंद्रप्रकाश सरांनी रेवतीला केबिनमध्ये बोलावलं. "रिपोर्टमध्ये लिही, बारा मिनिटांत सगळे सुखरूप बाहेर. सुखरूपच आहेत ना? उगाच वाढवू नकोस. तुझ्या कागदावर सही मलाच करायचीय."

वडील रिटायर झालेले, वर्ष वाया गेलं तर घरी काय सांगणार? ती मधुवंतीकडे गेली आणि आधी सहाव्या मजल्याचं सांगून टाकलं, मग सर रिपोर्टमध्ये काय लिहायला सांगतायत ते.

"राग येतोय मला," मधुवंती म्हणाली. "पण तू चोवीस वर्षांची पोर, एकटी काय करणार होतीस? तेच लिही ना. आणि मला खालच्या मजल्यावर हलवा असलं काही लिहू नकोस. माझी टीम इथे आहे."

रेवतीने सगळं लिहिलं. कुलूप, सोडून गेलेला माणूस, बावीस मिनिटं, स्वतःचं पळणंही. त्याची एक प्रत संस्थेला आणि एक कंपनीच्या तक्रार समितीला पाठवली. बटण दाबल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन उलटी करून आली.

सरांनी सही केली नाही. संस्थेने तिला दुसऱ्या कंपनीत पाठवलं, अभ्यासक्रम सहा महिने लांबला. पण समितीने कुलूप काढायला लावलं आणि त्या मजल्यावरच्या पाच जणांना खुर्ची चालवायला शिकवायचं ठरवलं. मधुवंतीने आग्रहाने रेवतीलाही बोलावून घेतलं.

सरावाच्या दिवशी मधुवंती पट्टे आवळून त्या खुर्चीत जिन्याच्या तोंडाशी बसली. खुर्चीचा मागचा दांडा रेवतीच्या हातात होता.

"थांब," मधुवंती म्हणाली. "मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," रेवती म्हणाली. "तुम्ही सांगाल तेव्हाच हलवते."

खाली नऊ मजले होते. मधुवंतीने डोळे मिटले, दोनदा खोल श्वास घेतला. "चल."